पॅकेजातली लाट

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी बातमी देणारा वार्ताहर हाच बहुधा जाहिराती गोळा करणाराही असल्यामुळे, निवडणुकीच्या हंगामात ‘पॅकेज’, म्हणजे पैसे मोजून बातमीच्या वेषात छापून घ्यावयाच्या मजकुराचा एकगठ्ठा सौदा, हा शब्द कापसाच्या भावाइतक्याच सहजतेने उच्चारला जावा, यात नवल नाही. अशा मजकुरात एकाच प्रभागात, एकाच दिवशी, तिन्ही उमेदवारांची ‘लाट’ असते, प्रत्येकाची पदयात्रा ‘झंझावाती’ असते आणि ठिकठिकाणी सुवासिनी औक्षण करतात. पैसे न देणारा चौथाही उभा आहे, हे वाचकाला थेट मतदानयंत्रासमोर कळते.

या कलेचा कळस २००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयी परस्परांच्या स्पर्धक दैनिकांना काही दिवसांच्या अंतराने शब्दशः एकच लेख सुचला, हा योगायोग पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणला. चव्हाणांनी पैसे देऊन मजकूर छापून घेतल्याचा आरोप नाकारला, आणि या प्रकरणी निवडणूक आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्दही केला. त्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये.