जुन्याचा सोस, बागेची हौस

नवाबी अमलातली बाग गेली आणि तिथे लखनौचं चारबाग स्टेशन आलं, पायाभरणी १९१४ची. आधी खरी जुनी बाग मोडायची, मग घुमट-छत्र्या चढवून नवी इमारत जुनी दिसेल अशी बांधायची! साहेबाची ही अक्कल आता आमच्या दोन खोल्यांत पोचली आहे. आजीचा शिसवी पलंग जागा अडवतो म्हणून भंगारवाल्याला फुकट दिला, आणि जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचर बाजारातून कुणा परक्या आजोबांची आरामखुर्ची पगार ओतून आणली. वाळवी सोबत आली, तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. बागेची हौसही तशीच: बाल्कनीत चार कुंड्या आहेत. माती ऑनलाइन मागवलेली. पाणी कामवाल्या मावशी घालतात. मालक फक्त फोटो काढतात.