मेणाचं दार

काटा वर चढला की घाबरायचं, हे आमच्या घरात बाराखडीबरोबरच शिकवलं गेलं. बाबांच्या जुन्या गाडीतून खंडाळ्याचा घाट चढताना आई पायांत पाच लिटरचा पाण्याचा कॅन धरून बसायची. बाबांचा एक डोळा रस्त्यावर, दुसरा तापमानाच्या काट्यावर. तेव्हाच्या अमृतांजन पुलाच्या आसपास बॉनेटमधून वाफ निघाली की बाबा गाडी कडेला घेत आणि तापल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं रेडिएटरवर ओलं फडकं ठेवून मुकाट उभे राहत. घाई करून झाकण उघडायचं नसतं, एवढं एकच वाक्य ते बोलत.

त्यामुळे परवाच्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा काटा पावाच्या वर सरकेना, तेव्हा मी मनातून सुखावलोच. कात्रजचा घाट उतरताना तर तो आणखी खाली कलंडला. आपली गाडी स्थितप्रज्ञ झाली, असं मी चार लोकांना सांगितलंही. हीटर गार फुंकर घालायचा आणि पेट्रोल जरा जास्त लागायचं. पण स्थितप्रज्ञांच्या अशा बारीकसारीक खोडी आपण चालवून घेतोच.

मिस्त्रींनी मात्र वरचा होज चाचपला आणि म्हणाले, "काका, थर्मोस्टॅट व्हॉल्व उघडा अडकलाय. काढूनच टाकू का? आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?"

मी नको म्हटलं, कारण तोवर मला चिऊताई आठवली होती. या व्हॉल्वच्या पोटात सुपारीएवढी डबी असते आणि डबीत मेण. गार इंजिनातलं कूलंट रेडिएटरकडे जायला निघतं, तेव्हा हे दार बंद असतं. थांब, माझ्या इंजिनाला ऊब येऊ दे. ८२ अंशांच्या सुमारास मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि दार हळूच किलकिलं होतं. ९५च्या आसपास सताड. गारवा आला की स्प्रिंग ते पुन्हा लोटते. इंजिन सदा गारच राहिलं तर पेट्रोल वाया जातं आणि तेलातला ओलावा उडून जात नाही. बाहेर बर्फ पडो न पडो, इंजिनाला आपली ऊब लागतेच. गोष्टीतल्या चिऊनं काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवलं म्हणून लहानपणी मला तिचा राग यायचा. तिचं म्हणणं कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

नाना पेठेतून नवा व्हॉल्व आणला आणि घरी दोन्ही व्हॉल्व दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडले. आई ओट्याशी येऊन म्हणाली, "काय रे, अंडी उकडतोयस की काय माझ्या पातेल्यात?" जुना व्हॉल्व गार पाण्यातही आ वासूनच होता. नवा गप्प. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं, म्हणजे त्याला बोलायला पुरेसा अवकाश होता. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले आणि तो असा अलगद उघडला, की आम्ही दोघंही नकळत पुढे वाकलो. गॅस बंद केल्यावर तो मिटेपर्यंतही आई तिथून हलली नाही. मग म्हणाली, "यांना दाखवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नवा व्हॉल्व बसवला, त्याच्या कडेवरची इवलीशी पिन वरच्या बाजूला ठेवून. अडकलेली हवा तिथूनच निसटते. कूलंट भरलं, हवा काढली, इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली. आता काटा अर्ध्यापर्यंत चढतो आणि तिथंच थांबतो. मागच्या रविवारी आम्ही खंडाळ्याला गेलो. काटा हलला नाही. आईच्या पायांत पाण्याचा कॅन होता.