ओनोंचा शिष्य बैलबाजारात

टोयोटाच्या ताइइची ओनोंनी कामातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले. वाट पाहणे, उगाच हालचाल आणि साठा हे त्यातले नामचीन आरोपी. त्यांचा एखादा टाय लावलेला शिष्य पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत सोडावा. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाची रांग? वाट पाहणे. घोंगड्यांचे ढीग? साठा. बैल चालवून, वळवून, पुन्हा चालवून पाहणे? उगाच हालचाल, लिहून घ्या.

खरी पंचाईत बैलबाजारात होईल. इथे गिऱ्हाईक आधी बैलाचे दात पाहतं, म्हणजे तपासणी पैसे मोजण्यापूर्वीच उरकते. जुन्या रिवाजाने भाव उपरण्याखाली बोटांनीच ठरतो: ना कोटेशन, ना प्रती, ना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. दलाल तेवढा फालतू टप्पा वाटतो. पण त्याला काढायला जा, सौदाच मोडेल.

शिष्य तरीही सुधारणा सुचवणारच. बोटांच्या व्यवहाराला छापील फॉर्म, फॉर्मवर तीन सह्या, आणि नासाडी किती घटली हे पाहायला दर सोमवारी आढावा बैठक. तोवर बैलांच्या वैरणीचं काय, हा विषय पुढच्या बैठकीत, वेळ उरल्यास.