दैवाचे बिनपगारी नोकर

ईडिपसच्या गोष्टीत दैव स्वतः काडीचंही काम करत नाही. सोफोक्लीसचं ते नाटक वाचताना, प्रसंग हसण्याचा नसतानाही, या गोष्टीचं मला हसू येतं. वीज कोसळत नाही, कोणी देव ढगातून उतरून कोणाचा हात धरत नाही. थीब्ज शहरात रोगाची साथ येते तेवढीच काय ती वरून आलेली आपत्ती, आणि तीसुद्धा सगळं घडून गेल्यावर. डेल्फीच्या देवळातून अपोलो काय होणार ते सांगतो आणि गप्प बसतो. पुढची धावपळ माणसं करतात. अगदी जीव तोडून करतात, आणि करतात ती अपोलोचा शब्द खोटा पाडण्यासाठी!

पहिला नोकर खुद्द थीब्जचा राजा लायस, ईडिपसचा बाप. पोटच्या मुलाच्या हातून मरशील, असं त्याला कळलेलं. मूल झालं, तीन दिवसांचं होतं न होतं तोच त्याचे घोटे टोचून पाय जखडले आणि डोंगरावर टाकून द्यायला माणूस पाठवला. दुसरा नोकर ईडिपस. कॉरिंथच्या राजाराणीकडे तो सुखाने वाढत होता. एका मेजवानीत कोणी झिंगलेला माणूस बोलून गेला, की तू बापाचा खरा मुलगा नव्हेसच. आईबापांनी समजूत घातली, पण शंकेचा किडा गेला नाही. म्हणून तो डेल्फीला गेला. तिथे विचारलं एक आणि कानी पडलं भलतंच: तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. मूळ प्रश्नाचं उत्तर देवाने दिलंच नाही. बिचाऱ्याने कॉरिंथकडे पाठ फिरवली आणि जिथे जायला नको नेमका तिकडचाच रस्ता धरला.

आता आपण शहाणे लोक म्हणतो, की एवढं कळल्यावर आपल्याहून वयाने मोठ्या पुरुषावर हात उचलायचा नाही आणि मोठ्या बाईशी लग्न करायचं नाही, एवढे दोन नियम पाळायला काय हरकत होती? हरकत अशी, की आपले आईबाप कोण हे ईडिपसला पक्कं ठाऊक होतं. शंका विचारायला गेलेला माणूस उत्तर ऐकून इतका घाबरला, की शंका विसरूनच गेला. तीन वाटा जिथे मिळतात तिथे समोरून एका म्हाताऱ्याची गाडी आली. वाट कोणी कोणाला द्यायची यावरून जुंपली. म्हाताऱ्याने पराणी डोक्यात घातली, ईडिपसने काठी. बाकीच्यांचाही त्याने निकाल लावला. एकजण तेवढा निसटला. म्हातारा लायसच होता; पुढे ईडिपस थीब्जचा राजा झाला आणि विधवा राणीशी, म्हणजे आपल्याच आईशी, त्याचं लग्न झालं.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त शोकनायकाच्या हातून घडणाऱ्या चुकीविषयी लिहिलं, आणि तेव्हापासून पंडित ईडिपसचा दोष हुडकत बसले आहेत. कोणी म्हणतं रागीटपणा, कोणी म्हणतं बुद्धीचा गर्व. व्होल्तेरने तर 1719 साली वेगळीच खोट काढली: इतकी वर्षं राज्य करणाऱ्या माणसाने आपल्या आधीचा राजा कसा मेला याची साधी चौकशी करू नये? चौकशी थीब्जच्या लोकांनीही केली नव्हती. कारण विचारल्यावर राणीचा भाऊ क्रेऑन सांगतो, की तेव्हा स्फिंक्स राक्षसिणीचं संकट दाराशी होतं, जुन्या प्रकरणात लक्ष घालायला सवड कोणाला? राज्यकारभारातलं हे उत्तर पंचवीसशे वर्षांत जराही शिळं झालेलं नाही.

दोष सापडला की आपल्याला बरं वाटतं. तो रागीट होता म्हणून त्याचं असं झालं, आपण काही तसे नाही. पण माझं लक्ष या सगळ्या थोरामोठ्यांना सोडून त्या मूल टाकायला गेलेल्या माणसाकडे जातं. त्याला नाटकात नावही नाही. लायसच्या वाड्यातच वाढलेला गुलाम, कामाने मेंढपाळ. कीथेरॉन डोंगरावर वसंतापासून शरदापर्यंत मेंढ्या चारायचा. शेजारी कॉरिंथचा एक मेंढपाळ असायचा. याच्याकडे दोन कळप, त्याच्याकडे एक. अशी तीन वर्षं सोबत झाली. हातात मूल आलं, मारण्याचा हुकूम होता, आणि याला कळवळा आला. दूर देशी जाईल, वाचेल, म्हणून त्याने ते कॉरिंथवाल्याच्या हवाली केलं.

सगळ्या कथेत कोणाच्याही सांगण्यावरून, भीतीपोटी किंवा रागाच्या भरात न केलेली गोष्ट शोधायची तर ही एकच सापडते. लायस भाकिताला भिऊन वागला, ईडिपस भाकिताला भिऊन पळाला. मेंढपाळाला भ्यायचं कारण उलट बाजूने होतं. हुकूम मोडला तर कातडी सोलली गेली असती. तरी त्याने मोडला. इच्छास्वातंत्र्य म्हणतात ते हेच असेल, तर पुढचा सगळा अनर्थ त्याच्यामुळे झाला. तो निर्दय असता तर बाळ डोंगरावर मेलं असतं आणि डेल्फीची अब्रू गेली असती. अपोलोचा शब्द एका गुलामाच्या मायेवर टांगलेला होता, आणि देवाला तिची खात्री होती! दैवावर विश्वास ठेवावा की नाही ते मला सांगता येणार नाही, पण इथे दैवाने माणसावर विश्वास ठेवला होता, एवढं मात्र खरं.

आणि गंमत बघा, तीन वाटांवरून निसटलेला माणूस तोही हाच. परत येऊन त्याने दरोडेखोरांची टोळी आल्याचं सांगितलं. राजाच्या लवाजम्याला एकट्याने लोळवलं, हे सांगायला तोंड कसं व्हावं? मग नवा राजा गादीवर बसलेला पाहिला आणि राणीच्या हाताला स्पर्श करून विनवलं, मला लांब कुरणांवर पाठव, हे शहर नजरेलाही पडायला नको. बदली मागून घेतलेला हा माणूस सगळं ओळखून होता की नुसता घाबरला होता, हे सोफोक्लीस उघड करत नाही.

पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं. विनोदी लेखकाला त्याची ओढ का वाटली असेल, याचा एक धागा मला कॉरिंथहून आलेल्या निरोप्यात दिसतो. कॉरिंथचा राजा वारला, ही त्याची बातमी. बाप आपोआप गेला, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला! नुकतीच अपोलोच्या वेदीशी धूप घेऊन आलेली राणी योकास्टा लगेच भाकितांची टिंगल करते. ईडिपस म्हणतो, पण आईची भीती उरतेच की. निरोप्या मोठ्या उत्साहाने पुढे होतो: ती तुझी आई नव्हेच, तुला मीच डोंगरावरून आणलं! दिलासा द्यायला आलेल्या या भल्या माणसाइतका अनर्थ कोणा शत्रूनेही केला नसता. बक्षिसाच्या आशेने आलो, हेही तो लपवत नाही.

यानंतर मात्र ईडिपस दैवाच्या चाकरीतून सुटतो. डेल्फीहून त्याला आईबापांबद्दलचं सांगितलं होतं, पण हे तुला एक दिवस कळेल, असं त्यात नव्हतं. अंध भविष्यवेत्त्या टायरेसियसने आधीच विनवलेलं असतं, आता योकास्टा विनवते, शेवटी धरून आणलेला तो म्हातारा मेंढपाळही विनवतो, पुरे कर. राजा हात पिरगाळायला लावतो आणि ऐकूनच घेतो. डोळे फोडून घेतल्यावर कोरस विचारतो, कोणी करवलं हे? तो म्हणतो, दुःखं अपोलोने दिली, पण डोळ्यांवर घाव घातला तो माझ्याच हाताने. आपल्या वाटणीचा हिशेब इतका चोख सांगणारा माणूस मला दुसऱ्या शोकांतिकेत भेटलेला नाही. कित्येक वर्षांनी लिहिलेल्या 'कोलोनसचा ईडिपस'मध्ये हाच म्हातारा अगदी वकिली थाटात सांगतो, की मी अजाणता केलं, मी निर्दोष आहे. तेही खरंच. दोन्ही खरं आहे म्हणूनच तर भांडण मिटत नाही.

ज्या अथेन्समध्ये हे नाटक झालं, तिथे अनेक सरकारी पदंही दैवावर सोडून, चिठ्ठ्या टाकून भरली जात. नाट्यस्पर्धेचे दहा परीक्षक चिठ्ठीनेच निवडत, आणि त्यांच्या दहा मतांपैकीही पाचच चिठ्ठीने उचलून मोजत, असं अभ्यासक मानतात. ॲरिस्टॉटलला नमुनेदार वाटलेलं हे नाटक त्या वर्षी दुसरं आलं. पहिला नंबर फिलोक्लीसचा; त्याचं नाटक आज उपलब्ध नाही. फिलोक्लीस हा थोर नाटककार इस्किलसचा भाचा. पण वशिल्याचा संशय घ्यायलाही जागा नाही, मामा केव्हाच वारले होते.