चोरमहाशयांस अनावृत पत्र

रा. रा. चोरमहाशय यांस, कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपला आमचा परिचय अद्याप घडलेला नाही. परंतु आपल्या व्यवसायाचा वाढता विस्तार आणि आमच्या दाराच्या कडीची अवस्था ही दोन्ही ध्यानी घेता तो योग फार दूर नसावा, आणि म्हणूनच आगमनापूर्वी आपण १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, निदान त्याचे बारावे कलम, एकवार नजरेखालून घालावे, अशी विनंती करण्याचे धाडस करीत आहे.

आपली व्यवस्था त्यात उत्तम लागली आहे. दैववशात आपण कोठडीत पडलात, की उत्पन्नाचा दाखला न मागता सरकारखर्चाने वकील मिळण्याचा हक्क आपणांस प्राप्त होतो. याबद्दल आमच्या मनात तिळमात्र असूया नाही; बिहारच्या तुरुंगांत खटल्यावाचून वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची जी दैना १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आली, ती ज्याने वाचली तो या हक्काविरुद्ध चकार शब्द काढणार नाही. आमचा पेच निराळा आहे. त्याच कलमात मानवी व्यापाराचे बळी आहेत, वेठबिगारीत सापडलेले आहेत, भूकंप, महापूर आणि जातीय अत्याचार यांनी पीडलेले आहेत. नाही तो केवळ गुन्ह्याने नाडलेला सामान्य फिर्यादी.

सबब आपण माणूस पारखून घ्यावा. आमच्या कुटुंबाच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावलेत, तर स्त्री म्हणून तिला, घरी लक्ष्मी पाणी भरत असली तरी, मोफत वकील मिळेल. त्याच झटापटीत आमचे घड्याळ लांबवलेत, तर आम्हांस मात्र वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्याचा तहसील कचेरीचा दाखला आणावा लागेल, आणि निवृत्तिवेतन त्या रेषेच्या किंचित वर गेल्यामुळे तो मिळावयाचा नाही. तेव्हा घराबाहेर पडताना घड्याळ तिच्याच मनगटावर बांधावे, असा आमचा विचार चालू आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारी वकील असताना फिर्यादीस निराळा वकील हवाच कशाला? सरकारी वकील आहेत खरे, पण ते सरकारचे, आमचे नव्हेत. पदरमोड करून आम्ही आपला वकील दिला, तरी रेखा मुरारका प्रकरणातील २०१९ च्या निर्णयानुसार त्याने साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावयाची नाही. सुचेल तो प्रश्न सरकारी वकिलांच्या कानी घालावयाचा आणि पुरावा संपल्यावर परवानगी मिळाल्यास लेखी युक्तिवाद द्यावयाचा. तरीही तो लागतोच: ठाणे अंमलदार हद्दीचा वाद काढून फिर्याद नोंदवण्यास टाळाटाळ करू लागले तर, जप्त मुद्देमाल परत मिळवावयाचा तर, आणि (क्षमस्व) आपल्या जामिनास हरकत घ्यावयाची तर.

बाराव्या कलमात गुन्ह्याने पीडित व्यक्तींसाठी एक पोटकलम घालण्यास संसदेला फारसे श्रम पडू नयेत. ते घडेपर्यंत आपण आपली भेट लांबणीवर टाकावी, ही प्रार्थना. कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक भावी फिर्यादी

ता. क. हे पत्र आपल्याऐवजी एखाद्या फिर्यादी स्त्रीच्या हाती पडल्यास तिने तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दोहोंस शुल्क पडत नाही.