बाबा ओरडायले

परवा कुरिअरच्या पोराने नगरच्या सावेडीतल्या प्रोफेसर कॉलनी चौकातून तीनदा फोन केला, झोपडी कँटीनपर्यंत जाऊन माघारी आला आणि फूटभर लांब, फूटभर रुंद, चपटं खोकं माझ्या हातात ठेवत म्हणाला, "काका, फरशीचं सँपल दिसतंय. जपून धरा."

फरशी परवडली असती. खोक्यात 'द हू' या विलायती बँडची 'हूज नेक्स्ट' ही तबकडी होती. माल १९७१चा, वेष्टन यंदाचं. किंमत ४,२०० रुपये. कव्हरवर अभिमानाने छापलंय : १८० ग्रॅम. सौ.ने मोबाइलवर हिशेब केला आणि जाहीर केलं, "तेवीस हजार रुपये किलोने प्लॅस्टिक घेतलंत. भंगारवाला दहाने नेतो."

हीच ध्वनिमुद्रिका मी तिसऱ्यांदा विकत घेतली. पहिल्यांदा कॉलेजात असताना, कापड बाजाराजवळच्या एका दुकानातून कॅसेट भरून घेतली होती. रेकॉर्ड सगळी मिळून त्रेचाळीस मिनिटांची आणि कॅसेट साठची. टेप वाया घालवणं दुकानदाराच्या नगरी स्वभावात बसेना, म्हणून दोन्ही बाजूंच्या उरलेल्या जागेत त्याने दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी भरली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'द साँग इज ओव्हर'. ते संपलं, की खरोखर विषय संपायचा आणि दादा सुरू व्हायचे. पुढे सीडी घेतली, तिच्यात दादा नव्हते. आता एवढी महागडी तबकडी आणली, तिच्यातही नाहीत. कंपन्या 'बोनस ट्रॅक'च्या नावाखाली काय काय विकतात, पण त्या दुकानदाराने फुकट दिलेला बोनस कुणाला जमलेला नाही.

तर सुई टेकवली. पहिलंच गाणं 'बाबा ओरायली'. रॉजर डाल्ट्रीने सूर लावला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कोण ओरडायलंय?" सौ.चं माहेर परभणीचं. मी म्हटलं, "बाबा ओरायली." ती म्हणाली, "तेच विचारायले. बाबा का ओरडायलेत?"

इथे मला खुर्ची ओढून बसावं लागलं, कारण हे बाबा आपलेच. या गाण्यात 'बाबा' हा शब्द एकदाही येत नाही, 'ओरायली'ही येत नाही. नावातले बाबा म्हणजे आपल्या नगरचे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा आणि ओरायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. गाणं लिहिणारा, बँडचा गिटारवाला पीट टाऊनशेंड मेहेरबाबांचा भक्त. 'टॉमी' हा त्याचा १९६९चा गाजलेला रॉक ऑपेरा. त्याच्या कव्हरवरच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव आहे. टाऊनशेंडला बाबा प्रत्यक्ष भेटले नाहीत. ३१ जानेवारी १९६९ला बाबांनी देह ठेवला, 'टॉमी' बाजारात आला त्याच वर्षीच्या मे महिन्यात. १९७२ला तो समाधीच्या दर्शनाला नगरला येऊन गेला. त्या काळात जगभरची पोरं ज्याच्या गिटार फोडण्यावर जीव टाकत होती, तो माणूस अरणगावला समाधीपुढे डोकं टेकवून गेला, आणि आम्ही कॅसेटमध्ये दादा कोंडके भरून घेत होतो. कोण जास्त विलायती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता गंमत बघा. मेहेरबाबांनी मौन धरलं १० जुलै १९२५ला, अरणगावजवळच्या मेहेराबादला. ते शेवटपर्यंत सोडलं नाही. अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. 'द हू'ची नोंद मात्र गिनेसच्या बुकात जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून झाली : ३१ मे १९७६, लंडनचं चार्ल्टन मैदान, बत्तीस मीटरवरून १२६ डेसिबल. गुरू त्रेचाळीस वर्षांहून जास्त गप्प, शिष्याची रेकॉर्ड त्रेचाळीस मिनिटांची. परभणीच्या लेकीला जे एका ऐकण्यात खटकलं, ते रॉकच्या समीक्षकांना पन्नास वर्षांत खटकलेलं नाही. बाबा का ओरडायलेत?

शेजारचे निवृत्त सर खास ऐकायला आले. सुरुवातीचा तो झुळझुळता आवाज ऐकून म्हणाले, "सिंथेसायझर!" सगळे हेच म्हणतात. तो आहे लॉरी कंपनीचा घरगुती ऑर्गन, त्यातली एक खटकी दाबली की सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजतात. म्हणजे आपल्या भजनी मंडळाच्या पेटीचाच विलायती चुलतभाऊ. सर जरा हिरमुसले. मग कव्हर हातात घेऊन निरखू लागले. इंग्लंडमधल्या ईझिंग्टन इथल्या कोळसाखाणीच्या राडारोड्यात एक काँक्रीटचा खांब उभा आहे, त्यावर ओल दिसतेय आणि चौघे जण पँट सावरत परत निघालेत. "हे तर आपल्या मनमाड रोडच्या कुठल्याही कंपाउंडला फुकट दिसतं," सर म्हणाले. त्यांना अजून एक सांगून टाकलं : चौघांपैकी बहुतेकांना ऐनवेळी आलीच नाही, म्हणून फिल्मच्या रिकाम्या डबीतून पावसाचं पाणी ओतून फोटो काढला. म्हणजे कव्हरवरची ती ओलसुद्धा ओरिजिनल नाही.

आणि आम्ही ओरिजिनल आवाजासाठी पैसे मोजतोय. जाणकार सांगतात, सीडीत सेकंदाला ४४,१०० तुकडे केलेले असतात, तबकडीत आवाज सलग असतो, म्हणून तबकडीत ऊब. ऐकायला छान वाटतं. पण आजच्या बऱ्याच नव्या तबकड्या कापताना मध्ये डिजिटल फाइल असतेच. अमेरिकेतली एक नावाजलेली कंपनी महागड्या अॅनालॉग तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती. २०२२ला उघड झालं, की तिच्याही अनेक तबकड्यांत डिजिटलचा टप्पा होता, आणि तोही कित्येक वर्षांपासून. तोवर हजारो तयार कानांना नुसती ऊब जाणवत होती. साजूक तूप म्हणून डालडा खाल्ला आणि ढेकर मात्र साजूक तुपाची दिली.

'रिमास्टर' हे दुसरं प्रकरण. जुन्या टेपवरून नव्याने आवाज उतरवतात, तो सारखा करतात, खरखर काढतात, इथवर ठीक. नव्वदच्या दशकापासून सीडीच्या रिमास्टरमध्ये आवाज नुसता चढवत नेण्याची चढाओढ लागली. हळू आणि मोठा यातला फरकच सपाट. आमच्या गल्लीतला रस्ताही दर उन्हाळ्यात रिमास्टर होतो. जुनाच खड्डा, वर नवा थर, पावसाळ्यात बोनस ट्रॅक. फक्त त्याचं कव्हर छापत नाहीत, उद्घाटनाचा फ्लेक्स छापतात.

मुळात 'हूज नेक्स्ट' हेच शिळं अन्न. टाऊनशेंड 'लाइफहाउस' नावाचा भला थोरला रॉक ऑपेरा रचत होता. तो काही उभा राहिला नाही, उरल्यासुरल्यातून नऊपैकी आठ गाणी ताटात आली आणि जगाने बोटं चाटली. २०२३ला कंपनीला वाटलं, उरलेलंही वाढावं. दहा सीडींचं खोकं काढलं, १५५ ट्रॅक. नऊ गाण्यांचे दीडशेवर! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बुंदीचा भुगा, मठ्ठ्याचं पातेलं आणि वाढप्याने चाखून बाजूला ठेवलेली भाजी एका पेटीत भरून वऱ्हाडाला विकली, तर वऱ्हाड मारेल. इथे वऱ्हाड रांगेत उभं आहे, त्यात मीही डोकावून किंमत विचारून आलोय.

टाऊनशेंडचा स्वतःचा १९७२चा 'हू केम फर्स्ट' तर सबंध बाबांना वाहिलेला. त्यातलं 'परवर्दिगार' बाबांच्याच प्रार्थनेवरून बांधलंय. २०१८ला त्याचीही दोन सीडींची नवी आवृत्ती निघाली. माझ्याकडे नाही. अजून.

सर मात्र कव्हरच्या मागची यादी वाचत बसले होते. "दुसऱ्या गाण्याचं नाव 'बार्गेन'. शेवटच्याचं 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'. म्हणजे पुन्हा फसणार नाही." चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कितव्यांदा घेतली म्हणालात?"

सौ.ने चहा ठेवला आणि विचारलं, "त्या मौनातल्या बाबांची कॅसेट नाही का मिळत?" थट्टा आहे की चौकशी, हे चौतीस वर्षांच्या संसारानंतरही ओळखता येत नाही. पण वाचकांसाठी उत्तर देऊन ठेवतो. दरवर्षी ३१ जानेवारीला, अमरतिथीला, दुपारी सव्वाबारा वाजता मेहेराबादला हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात. सावेडीतून स्कूटर काढायची, गाव ओलांडून दौंड रस्त्याने अरणगाव. डिलिव्हरी चार्ज नाही.