विटांवरच्या मेटॅडोरच्या मालकांस अनावृत पत्र

रा. रा. भाऊसाहेब यांस,


हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हाती द्यायचा बेत होता. पण तुमच्या दारापर्यंत पोचायचे तर आधी मेटॅडोर ओलांडावी लागते, आणि तिच्याखालून कुणाचे पाय बाहेर आलेले असतील याचा नेम नसतो. म्हणून जाहीरच लिहितो.

प्रथम अभिनंदन. उभी हयात पुण्यात संगणकासमोर काढून तुम्ही खामगावला परतलात आणि आल्या आल्या भंगारवाल्याच्या दाढेतून १९८६ सालची मेटॅडोर सोडवून आणलीत. ‘बालपण परत आणतोय,’ असे तुम्ही गल्लीला सांगितले. त्याला आता दोन पावसाळे झाले. बालपण अजून चार विटांवर उभे आहे आणि त्याच्या टपावर आमच्या गल्लीतल्या बकऱ्या उन्हाला बसतात.

गाडी थोर आहे, याबद्दल वाद नाही. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो काढली. तिच्या तीनचाकीने ‘टेम्पो’ हा शब्द मराठीला कायमचा बहाल केला आणि मग साठच्या दशकाच्या अखेरीस मेटॅडोर आली. पुढे तिला मर्सिडीजच्या घराण्यातले ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. या जातीच्या इंजिनावर जर्मनीत टॅक्सीवाले सुटाबुटातली गिऱ्हाइके नेत. आमच्याकडे त्याच इंजिनाने सरकीची पोती, दुधाचे कॅन, बँडवाले, वऱ्हाडी आणि वऱ्हाड्यांवर रुसलेले व्याही ओढले. २००५ साली कंपनीचे नावही फोर्स मोटर्स झाले. म्हणजे तुम्ही ज्या गाडीचा मूळ बिल्ला शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार खेपा घालता, त्या बिल्ल्यावरचे नाव आता खुद्द कारखान्यावरही नाही.

पण भाऊसाहेब, तुम्हाला मेटॅडोर आठवते ती मामाच्या लग्नातली. आम्ही शेगावला अपडाऊन करणारी माणसे. आम्हाला आठवते ते इंजिनाचे झाकण. ड्रायव्हरच्या शेजारी, गाडीच्या आतच असलेल्या त्या झाकणावर गोधडी टाकून आणखी तीन गिऱ्हाइके बसवत. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश, बुडाखाली डिझेल इंजिन आणि मांडीवर दुसऱ्याचे पोर. कालच तुम्ही म्हणालात की एसी बसवणार नाही, कारण ‘अनुभव अस्सल पाहिजे’. अवश्य. मग त्या झाकणावर बसायला एकदा वहिनींना नाही, स्वतःला बोलवा. दारात लोंबकळायला आम्ही येऊ, आणि सुट्या पैशांवरून भांडायला एक कंडक्टरही शोधून देऊ.

आता कायद्याचे बघू. तुम्ही गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणता, पण सरकार म्हणत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटल्याशिवाय गाडी व्हिंटेज ठरत नाही. तुमची १९८६ ची. तेव्हा २०३६ पर्यंत ती नुसतीच जुनी. नोंदणीची फी वीस हजार रुपये. तेवढे तुम्ही द्याल. आतापर्यंत याच्या कितीतरी पट पत्र्याला दिलेत. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. शिवाय चारचाकीत ही सवलत आहे ती ड्रायव्हर सोडून आठ आसनांपर्यंतच्या खासगी गाडीला. जिने जन्मभर भाडे मारले आणि आठ माणसे तर नुसती पाठीमागच्या शिडीवर नेली, तिने हा फॉर्म कोणत्या तोंडाने भरायचा?

समजा, हेही जमले. व्हिंटेजचा शिक्का बसला की गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, डिझेल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी रस्त्यावर काढायची. दर गुरुवारी शेगावला दर्शनाला न्यायचा तुमचा बेत त्यात बसत नाही. डिझेल आणि दुरुस्ती मात्र बसते. म्हणजे तुमच्या गाडीची आजची दिनचर्या कायद्याला पूर्ण मान्य आहे.

खरे सांगू का, या नियमात चपखल बसणारी एकच गोष्ट आपल्या गावाकडे आहे: जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी. वय शंभराच्या वर, मूळ रूपात जतन केलेली, कसलाही फेरफार नाही, आणि बाहेर निघते ती निवडणुकीच्या प्रदर्शनापुरती. उलट जलंब-खामगाव फाटा १८७० सालचा. कापसासाठी टाकलेला तो जेमतेम तेरा किलोमीटरचा रूळ आजही माणसे वाहतो, म्हणून त्याच्याकडे कुणी हौसेने बघत नाही. चालू असलेल्या जुन्या वस्तूचे आपल्याकडे कौतुक नसते. ती बंद पडावी लागते.

यावरून तुमच्या पायाखालच्या पत्र्याकडे येतो. परवा डेंटरने ड्रायव्हरच्या बाजूचे रबरी मॅटिंग उचलले तेव्हा मी तिथेच होतो. खालचा पत्रा सडून गेलेला आणि त्याच्या जागी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, कडा ठोकून, रिबिटा मारून बसवलेला. डब्यावरचे अर्धे भुईमुगाचे चित्र अजून शाबूत. क्लचखाली पाय घासून घासून एक शेंग पुसली गेली होती. तुम्ही किंचाळलात, ‘हे ओरिजिनल नाही, काढून टाका!’ मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘बावा, हे काहाडलं त डायव्हरचा पाय सडकीवर टेकन.’

भाऊसाहेब, तुम्ही नुसते रिस्टोरेशन म्हणता. ते या गाडीचे दरसाल झाले आहे. फक्त तेव्हा त्याला हे नाव नव्हते, फोटो निघत नव्हते, आणि गाडी संध्याकाळच्या फेरीला रस्त्यावर लागायची. नोझल धुऊन, हीटर प्लग बदलून, पाट्यांत नवे पान घालून, पंप अकोल्याहून कॅलिब्रेट करून आणून कुणीतरी तिला तगवली, कारण तिच्या कमाईवर घर चालत होते. पॉलिश पेपर मारताना तुम्हाला रंगाचे पाच थर लागले ना? निळ्यावर पिवळा, पिवळ्यावर पांढरा. प्रत्येक थर म्हणजे एक मालक आणि त्याचे एक कर्ज. तुम्हाला त्यातला सगळ्यात खालचा, कारखान्याचा रंग तेवढा हवा आहे. वरचे चार तुम्ही घासून नाल्यात सोडले.

आणि क्रोमच्या बंपरसाठी तुम्ही दिल्लीला माणूस पाठवलात. ज्या गावाची चांदी घ्यायला देशभरातून लोक येतात, त्या गावात तुम्हाला चकाकी मिळाली नाही, हे वाचून सराफ्यातली मंडळी काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही.

गाडी बनवा. जरूर बनवा. इंजिन त्या दिवशी धक्का न मारता सुरू झाले तेव्हा गल्लीतली म्हातारी माणसेसुद्धा धुरात उभी राहून हसत होती, मीही होतो. पण तो डब्याचा पत्रा काढू नका. त्यावर वॉर्निश मारा आणि रॅलीत पाहुण्यांना आधी तोच दाखवा. बाकी कोजागरीला मोठी देवी बसेल, गल्लीत गर्दी होईल. त्याआधी गाडी विटांवरून उतरवून मैदानात हलवावी, ही गल्लीच्या वतीने विनंती.

आपला,
समोरच्या घरातला अपडाऊनवाला

ता. क. : नव्या फोटोखाली तुम्ही स्वतःचे नाव लिहिले आहे. डेंटर, पेंटर आणि पंपवाला यांचीही नावे घाला. आणि डेंटरचे पोळ्यापासूनचे पैसे राहिले आहेत, ते आधी द्या.